अट घातली की छेद बदलतो

उन्हाळा लागला की आमच्या लातूर-धाराशिवकडं बोअरच्या गाड्या आणि पाणाडे, दोघांनाही उसंत नसते. परवा काका ठासून म्हणाले, "आपल्या पाणाड्यानं दाखवलेल्या दहापैकी सहा जागी पाणी लागलंय." मी विचारलं, "आणि काका, त्यानं नाही म्हटलेल्या जागी?"

"तिथं कोण बोअर घेतंय?"

सगळी गोम इथंच आहे.

दहावीत आपण संभाव्यता शिकतो: अनुकूल शक्यता भागिले एकूण शक्यता. सशर्त संभाव्यतेत, म्हणजे एखादी गोष्ट घडलीय असं धरून काढलेल्या संभाव्यतेत, अट घातली की हे 'एकूण' आकसतं, म्हणजे छेद बदलतो. समजा, एका शिवारात १०० जागा आहेत आणि ६० जागांखाली पाणी आहे. पाणाड्याच्या तळहातावरचा आडवा नारळ (तो उभा राहिला की खाली पाणी, असं मानतात) ५० जागी उभा राहिला, त्यातल्या ३० जागी पाणी निघालं. 'नारळ उभा राहिला' ही अट घेतली की छेद १०० नाही, ५०. तीस भागिले पन्नास, ६० टक्के. अट काढली तरी ६० टक्केच! मग नारळानं आपल्याला नवं काय सांगितलं? काहीच नाही. आपल्याकडं पाणी असतं ते काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. नारळाला ते कळतं याला कसलाही आधार नाही.

आता यंत्र घ्या, जमिनीत वीज सोडून खडकाचा विद्युतरोध मोजणारं. समजा, पाणी असलेल्या १०० जागांपैकी ८० जागी ते 'हो' म्हणतं आणि कोरड्या १०० पैकी ३० जागी चुकून 'हो' म्हणतं. वरच्या शिवारात ६० पैकी ४८ 'हो', उरलेल्या ४० पैकी १२ 'हो'. एकूण ६० 'हो', त्यातले ४८ खरे: ८० टक्के. तेच यंत्र अशा माळावर न्या, जिथं १०० पैकी १० जागीच पाणी आहे. तिथं १० पैकी ८ 'हो', पण कोरड्या ९० पैकी २७ 'हो'. एकूण ३५, खरे ८. जेमतेम २३ टक्के!

यंत्र तेच. 'पाणी असेल तर यंत्र हो म्हणेल' याची संभाव्यता दोन्हीकडं ८० टक्केच. 'यंत्र हो म्हणालं तर पाणी असेल' याची मात्र माळावर कोसळली. अट आणि घटना यांची अदलाबदल केली की उत्तर बदलतं. ही उलटापालट नेमकी कशी करायची, ते इंग्रज गणिती थॉमस बेझच्या निबंधात आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला.

काकांना मी वहीत चार रकाने आखून दिले: हो-पाणी, हो-कोरडं, नाही-पाणी, नाही-कोरडं. पहिल्या दोनांत त्यांनी लगेच ६ आणि ४ लिहिले. खालचे दोन कोरेच राहिले.