पेट्रोलची टाकी रिकामी झाल्यानंतरचा धोका

पेट्रोल पंपाच्या आवारात जमिनीखाली पुरलेली पोलादी टाकी दुरुस्तीसाठी उघडायची ठरली, की पहिले काम असते ती रिकामी करण्याचे. टाकी रिकामी झाली म्हणजे निम्मा धोका टळला, असे कामावरच्या अनेकांना वाटते. खरे तर धोका तिथूनच वाढू लागतो. द्रवरूप पेट्रोल स्वतः जळत नाही. त्याची वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली, तर ते मिश्रण पेटते. हे प्रमाण साधारणपणे 1.4 टक्के ते 7.6 टक्के असते. त्याहून कमी वाफ असेल तर मिश्रण विरळ पडते आणि त्याहून जास्त असेल तर जळायला प्राणवायू पुरत नाही. वापरातल्या टाकीत, पेट्रोलच्या वरच्या पोकळीत, आपल्याकडच्या तापमानाला वाफेचे प्रमाण या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असते. टाकी उपसून तिच्यात हवा खेळवली की हे प्रमाण हळूहळू उतरते आणि नेमके त्या पेटणाऱ्या पट्ट्यातून जाते. हा पट्टा ओलांडल्याशिवाय सुरक्षित बाजूला पोहोचता येत नाही, आणि दुरुस्तीचे बहुतेक नियम हा प्रवास एकही ठिणगी न पडता पार पाडण्यासाठीच आहेत.

किती पेट्रोल उरले तर धोका राहतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती सुमारे 200 लिटर जागा व्यापते, आणि तेवढी वाफ सुमारे 14,000 लिटर हवेला पेटण्याजोगी करू शकते. म्हणजे 20,000 लिटरच्या टाकीसाठी तळाशी राहिलेले जेमतेम दीड लिटर पेट्रोल पुरेसे आहे. डिप रॉडवर, म्हणजे टाकीतली पातळी मोजण्याच्या खुणांच्या काठीवर, एवढ्याची खूणही उमटत नाही. हे पेट्रोल तळाच्या गाळात, गंजाच्या पापुद्र्यांमागे आणि आतल्या लेपाच्या फुगलेल्या भागात दडलेले असते, आणि गाळ ढवळला किंवा पत्रा तापला की पुन्हा वाफ सोडू लागते. सकाळी निर्धोक ठरलेली टाकी दुपारी तशीच असेल असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

भारतात या कामाचा आधार म्हणजे पेट्रोलियम कायदा, 1934 आणि पेट्रोलियम नियम, 2002. त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना करते. 1898 साली स्फोटके विभाग म्हणून सुरू झालेल्या या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. सक्षम व्यक्तीने तपासून टाकी वाफमुक्त असल्याचे लेखी दिल्याशिवाय तिच्यात उतरू नये आणि वेल्डिंग, कटिंगसारखे आगीचे काम करू नये, हे या क्षेत्रातले मूळ तत्त्व आहे.

तपासणीच्या आधी टाकी बाकी सगळ्यांपासून तोडावी लागते, आणि इथे व्हॉल्व्ह बंद करणे पुरेसे नसते, कारण जुना व्हॉल्व्ह थोडा तरी गळतोच. नळी सोडवून तिच्या तोंडावर आंधळी (म्हणजे भोक नसलेली) चकती बसवली पाहिजे. डिझेलच्या टाकीबाबत ही काळजी हटकून राहून जाते. डिझेल 35 अंशांखाली सहजी पेटत नाही म्हणून ती टाकी निरुपद्रवी समजली जाते. परंतु तिची व्हेंट पाइप (आतली हवा व वाफ बाहेर सोडणारी नळी) शेजारच्या पेट्रोलच्या टाकीला जोडलेली असेल, तर पेट्रोलची वाफ त्या वाटेने डिझेलच्या टाकीत येऊन बसते. शिवाय वेल्डिंगच्या आचेने तापलेल्या पत्र्यावर डिझेलचीही भरपूर वाफ होते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे मॅनहोल उघडे ठेवून ती आपोआप निघून जात नाही. तळापर्यंत सोडलेल्या नळीने ती ओढून उंचावर सोडावी लागते. जमिनीलगत सोडली तर ती खड्ड्यांत आणि गटारांत पसरते. या सगळ्या काळात उपसणारी नळी, पंप आणि टाकी तारेने एकमेकांना व जमिनीला जोडलेली असली पाहिजेत, कारण वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज साठते आणि वाफ पेटवायला एका मिलिज्यूलचा सुमारे चौथा भाग एवढीच ऊर्जा लागते. कृत्रिम धाग्याचे कपडे आणि प्लॅस्टिकची बादली यांना मनाई असते, तीही याच कारणाने.

तपासणी कशी करायची, हा या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे, कारण यंत्र हातात असूनही माणसे इथे फसतात. आधी प्राणवायू मोजायचा, मग ज्वलनशील वाफ आणि त्यानंतर विषारीपणा, आणि तेही टाकीच्या वरच्या, मधल्या व तळाच्या थरात वेगवेगळे. या क्रमाला कारण आहे. ज्वलनशील वाफ मोजणारी बरीच यंत्रे आत ती वाफ थोडीशी जाळूनच आकडा दाखवतात. हवेऐवजी नायट्रोजन किंवा कोरड्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड भरून टाकी निष्क्रिय केली असेल, तर आत जाळायला प्राणवायूच नसतो आणि टाकी वाफेने भरलेली असूनही यंत्र कमी आकडा दाखवू शकते. नुसता प्राणवायू मोजूनही भागत नाही. वाफ पेटण्याजोगी होते त्या 1.4 टक्क्यांच्या पातळीला प्राणवायू 20.9 वरून जेमतेम 20.6 टक्क्यांवर आलेला असतो, आणि हा फरक कोणाच्याही नजरेतून निसटेल. त्यात वाफ पेटण्याच्या मर्यादेच्या दहाव्या भागापर्यंत खाली आली, तरी ती हवेत सुमारे 1,400 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1,400 भाग, असते. दिवसभराच्या कामासाठी पेट्रोलच्या वाफेची व्यापकपणे वापरली जाणारी मर्यादा 300 पीपीएम आहे. आगीच्या दृष्टीने चालेल अशी हवा श्वासाला चालेलच असे नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि ते कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे.

म्हणून आत उतरणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, कमरेला पट्टा आणि मॅनहोलवरच्या तिवईला बांधलेला दोर हवा, तसेच बाहेर केवळ त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस हवा. आतला माणूस कोसळला तर बाहेरच्याने मुखवट्याशिवाय उडी मारायची नाही, दोराने त्याला वर ओढायचे. हा नियम मन घट्ट करूनच पाळावा लागतो. बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते, असे अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 1986 साली नोंदवले आहे.

कोकणासारख्या भागात पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. भूजल वर आले, की रिकामी टाकी होडीसारखी तरंगू पाहते. 20,000 लिटरच्या टाकीवर पूर्ण बुडालेल्या अवस्थेत सुमारे 20 टनांचा वर ढकलणारा जोर येतो आणि तिचे स्वतःचे वजन त्याच्या काही अंशानेच असते. पट्ट्यांनी काँक्रीटला जखडलेली नसेल, तर ती नळ्या तोडून उचलली जाते. अशा जागी पाणी ओसरेपर्यंत टाकी रिकामी न करणे हेच श्रेयस्कर. गळतीची दुरुस्ती मात्र लांबवता येत नाही. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात 22 एप्रिल 1992 रोजी गटारांत उतरलेल्या पेट्रोलचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. जवळून गेलेल्या पाण्याच्या नळाशी संपर्क येऊन गंजलेल्या पेट्रोलवाहिनीला पडलेले भोक त्याच्या मुळाशी होते.

दुरुस्ती आणि गळतीची चाचणी झाल्यावर टाकीत पुन्हा पेट्रोल येते, तेव्हा आतली हवा तोच पेटणारा पट्टा उलट दिशेने ओलांडते. त्यामुळे भरण्याची नळी तळाजवळ नेलेली असावी आणि तिचे तोंड पेट्रोलमध्ये बुडेपर्यंत प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवावा, म्हणजे पेट्रोल उसळून तुषार उडत नाहीत आणि स्थिर वीजही कमी साठते.