खालचं पान पिवळं : नत्र कमी की पालाश?

ऊस पिवळा दिसला की हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. बऱ्याचदा बरोबरही ठरतं, म्हणूनच ही सवय मोडत नाही.

नत्र (युरियातून मिळणारं नायट्रोजन) कमी पडो वा पालाश (पोटॅशियम), पिवळेपणा सुरू होतो खालच्या जुन्या पानांवरूनच. दोन्ही अन्नद्रव्यं झाडात फिरती. तुटवडा आला की ऊस ती जुन्या पानातून काढून कोवळ्या शेंड्याला देतो. (शेंडा पिवळा आणि खालची पानं हिरवी असतील तर हे दोघेही नव्हेत. चुनखडीच्या रानात तो बहुतेक केवडा, म्हणजे लोह कमी पडून आलेला पिवळेपणा.)

म्हणून नुसतं बांधावरून बघून भागत नाही. सरीत उतरून खालचं, पण अजून पूर्ण न वाळलेलं एक पान तोडा. नत्राची उपासमार असेल तर अख्खं पानच फिकट पडलेलं असतं. ऊस बारीक, फुटवेही कमी. पालाशाच्या कमतरतेत पान मध्ये बराच काळ हिरवं राहतं. शेंडा आणि कडा पिवळ्या-नारिंगी होऊन करपत आत येतात, कडेनं धग लागावी तशा. मग मध्यशीर बघा. वरच्या अंगाला तांबूस झाक दिसेल, खालच्या अंगाला नाही. नखानं खरवडलं तर रंग वरच्या पापुद्र्यापुरताच निघतो.

कामं तर दोघांची अगदी वेगळी. नत्र पानं, फुटवे, कांडीची लांबी वाढवतं. पालाश पानात तयार झालेली साखर कांडीत उतरवतं आणि पानावरच्या छिद्रांची उघडझाप सांभाळतं, त्यामुळे पाण्याचा ताण पडला की त्याची किंमत कळते. पालाशाच्या भुकेल्या उसाला वर युरिया टाकला तर वाढ काळीभोर दिसते, पण रस पाणचट, आणि वाऱ्यात ऊस लोळतो. युरियाचा हप्ता मोठ्या बांधणीनंतरही (म्हणजे उसाच्या बुडाला मातीची मोठी भर दिल्यावरही) चालू ठेवला तर पक्वताही लांबते.

सुरू उसाला, म्हणजे डिसेंबर-फेब्रुवारीच्या लागणीला, शिफारस आहे हेक्टरी नत्र 250, स्फुरद (फॉस्फरस) 115, पालाश 115 किलो. म्हणजे एकरी युरियाची 45 किलोची जवळपास पाच पोती आणि म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशाच्या खताचं 50 किलोचं दीड पोतं. नत्र चार हप्त्यांत. पालाश दोनदाच, निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला. पालाशाचा अतिरेकही नको. रसात क्षार वाढले की साखर दाण्यात न येता मळीत जाते.

आपल्या काळ्या रानात पालाश मुबलक, हे लहानपणापासून ऐकलेलं. मुळात ते खोटं नव्हतं. पण वर्षानुवर्षं उसावर ऊस घेतला की रान किती दिवस पुरवणार? ऊस नत्रापेक्षा पालाशच जास्त उचलतो. तरी पोटॅशचं पोतं मागे राहतं, आणि मला त्यात शेतकऱ्याचा सगळा दोष दिसत नाही. काट्यावर वजन आपलं होतं, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, मात्र अख्ख्या कारखान्याचा सरासरी धरला जातो. पोटॅश टाकून आपल्या उसात साखर चढली, तरी पावतीवर तिचा वेगळा रकाना नसतो.