घरची बाग, घरची वाइन: नाशिकच्या छोट्या वायनरींमागचा इतिहास

नाशिक परिसरातील एखाद्या कुटुंबाच्या वायनरीने नवी वाइन बाजारात आणली, की तिचा रंग, चव आणि किंमत यांची चर्चा होते. ती बाटली तयार होईपर्यंत किती हंगाम गेले आणि तेवढा काळ घरचा पैसा कुठे अडकून होता, याची चर्चा सहसा होत नाही. या धंद्याचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला तर छोट्या वायनरीचे भवितव्य चवीपेक्षा एका साध्या प्रश्नावर ठरत आल्याचे दिसते: पुढची काढणी सुरू होण्यापूर्वी वाइनची टाकी रिकामी होईल का?

नाशिकला द्राक्ष नवे नाही. ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षलागवड केल्याची नोंद सांगितली जाते. पुढे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत हा सारा पट्टा द्राक्षाचा झाला, आणि १९६० मध्ये बागायतदारांचा राज्यव्यापी संघही उभा राहिला. परंतु ही सगळी द्राक्षे खाण्याची होती. थॉमसन किंवा तास-ए-गणेश हे वाण मोठ्या मण्यांसाठी, पातळ सालीसाठी आणि गोडीसाठी जोपासलेले. वाइनच्या द्राक्षाचे मणी मात्र लहान, सालीचे आणि बियांचे प्रमाण जास्त असलेले लागतात, आणि त्यात साखरेबरोबर आम्लताही टिकून राहावी लागते. म्हणजे बाग होती, पण त्या बागेतील फळ या कामाचे नव्हते. उपयोगी पडले ते बागायतदाराचे ज्ञान. आपल्या हवामानात वेल युरोपातल्याप्रमाणे हिवाळ्यात झोपी जात नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरल्यावर गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून वर्षाला एकच पीक घेण्याची पद्धत इथे रुळलेली होती. डावणी आणि भुरी या रोगांशी झुंजण्याचा अनुभवही घरोघरी होता. वाइनची द्राक्षे लावणाऱ्यांनी ही शिदोरी जशीच्या तशी वापरली, आणि म्हणूनच युरोपात सप्टेंबरच्या आसपास होणारी काढणी इथे जानेवारीअखेर ते मार्च या काळात होते.

राज्यात आधुनिक वाइननिर्मितीची सुरुवात मात्र नाशिकला नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगावला झाली. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने तेथे फसफसती वाइन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. नाशिकचे वळण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. अमेरिकेतील नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी वडिलोपार्जित जमिनीवर इतर पिकांचे प्रयोग करून पाहिल्यानंतर १९९७ मध्ये सोव्हिन्यॉं ब्लॉं आणि शेनिन ब्लॉं या वाणांची लागवड केली, आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. कंपनीचे ‘सुला’ हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभा यांच्या, नावावरून घेतलेले आहे. आज शेअर बाजारात नोंदलेली ही कंपनीही घरच्या जमिनीवरच सुरू झाली होती, हे विसरून चालणार नाही.

सुलाच्या पहिल्या बाटल्या विकल्या जाऊ लागल्या आणि पाठोपाठ सप्टेंबर २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. दारूबंदी कायद्याच्या चौकटीत वाढलेल्या राज्यात वाइनला शेतमालावरील प्रक्रियेचे स्थान देणे, हा त्यातील खरा बदल होता. उत्पादन शुल्कात दहा वर्षांची माफी, विक्रीकरात सवलत, परवान्यांची सुलभता, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क अशी त्याची रचना होती. भाव पडला की खाण्याची द्राक्षे मातीमोल होतात, हे अनुभवलेल्या बागायतदाराला ‘फळ विकण्याऐवजी बाटली विका’ हा विचार पटणे स्वाभाविक होते. खुंटरोपावर, म्हणजे मुळांसाठी लावलेल्या दणकट वेलीवर, वाइनच्या वाणांची कलमे बांधली गेली, कर्जे निघाली, स्टीलच्या टाक्या बसल्या. धोरणाने बाग आणि कारखाना या दोन्हींचा विचार केला. बाटली विकणार कोण, याचा विचार मात्र फारच अपुरा केला, असे माझे मत आहे.

याच काळात काही कुटुंबांनी स्वतःच्या नावाची वाइन करण्याचे ठरवले. निफाडजवळच्या पाटील कुटुंबाने ‘रेव्हेलो’ या नावाखाली इटालियन वाइनतज्ज्ञाच्या मदतीने काम सुरू केले आणि नेरो द’आव्होला, ग्रिल्लो यांसारखी आपल्याकडे अनोळखी असलेली इटालियन वाणे लावली. गंगापूर धरणाच्या काठावर गुरनानी कुटुंबाने २००६ च्या सुमारास ‘यॉर्क’ उभी केली. हे नाव इंग्लंडातील शहराचे वाटते, पण ती योगिता, रवी आणि कैलास या तीन भावंडांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. कैलास यांनी ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे वाइननिर्मितीचे शिक्षण घेतले आणि वायनरीची जबाबदारी सांभाळली.

अशा वायनरीत नवी वाइन आणणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे. नवे वाण लावल्यापासून भरवशाचे पीक हाती यायला साधारण तीन वर्षे लागतात, आणि वर्षात प्रयोगाची संधी एकदाच मिळते. काढणी पहाटेच्या गारव्यात करावी लागते. पांढऱ्या वाइनचा रस पंधरा अंशांच्या आसपास थंड ठेवून आंबवावा लागतो, आणि बाहेर मार्चचे ऊन असताना यासाठी लागणारी वीज हा खर्चाचा मोठा भाग असतो. शेनिन किंवा सोव्हिन्यॉं ब्लॉं काही महिन्यांत बाटलीत भरून विकता येते. शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉं यांसारखी लाल वाइन ओकच्या पिंपात वर्षभर ठेवायची, तर तेवढा काळ पैसा पिंपातच राहतो. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याच्या पद्धतीने फसफसती वाइन करायची, तर बाटल्या भरूनही त्या लगेच विकता येत नाहीत. त्यामुळे बहुतेक छोट्या वायनरींची सुरुवात पांढऱ्या वाइनने झाली आणि पिंपातली लाल वाइन मागाहून आली. त्यानंतर प्रत्येक लेबलची राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे नोंदणी आणि तिचे शुल्क. दुसऱ्या राज्यात विकायचे तर तेथील नोंदणी आणि शुल्क वेगळे. मोठ्या कंपनीला हे शुल्क लाखो बाटल्यांवर विभागता येते. दोन-तीन हजार बाटल्यांची नवी वाइन आणणाऱ्या कुटुंबाला ते प्रत्येक बाटलीमागे जाणवते.

२००८-०९ मध्ये या गणिताचा फुगा फुटला. जागतिक मंदीने मागणी आटली, आणि नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर वाइनचे मोठे ग्राहक असलेली हॉटेले ओस पडली. आधीच्या हंगामाची वाइन टाक्यांत तशीच राहिली. टाकी भरलेली असेल तर नवा रस घालायला जागाच नसते. त्यामुळे वायनरींनी द्राक्षे घेण्यास नकार दिला, करार केलेल्या शेतकऱ्यांचा माल वेलीवर राहिला किंवा पडेल भावात गेला. वाइनची द्राक्षे खाण्यासाठी बाजारात खपत नाहीत, हा त्यातला सर्वांत कठोर भाग होता. अनेकांनी बागा तोडल्या किंवा त्याच खुंटांवर पुन्हा खाण्याच्या वाणांची कलमे केली. अनेक छोट्या वायनरी बंद पडल्या, काही मोठ्या कंपन्यांसाठी वाइन करून देऊ लागल्या. आणि परदेशात विस्तारलेल्या इंडेजलाही कर्जाचा भार पेलला नाही. या उद्योगासाठी पुण्यात द्राक्ष प्रक्रिया मंडळ स्थापन झाले ते २००९ मध्ये. पण टाक्या त्याआधीच तुंबल्या होत्या.

या पडझडीत टिकलेल्या कुटुंबांनी शोधलेला मार्ग म्हणजे वायनरीच्या दारातच विक्री. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘वाइन शॉप’ म्हणतात, त्या दुकानात मुख्यतः व्हिस्की, रम आणि बिअर विकली जाते आणि वाइनच्या वाट्याला कोपऱ्यातली एखादी फळी येते, हा या शब्दाचा गमतीदार पण छोट्या उत्पादकाला महागात पडणारा विपर्यास आहे. त्या फळीवर अनोळखी वाणाची बाटली ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही. मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी येणारा पाहुणा मात्र आधी घोटभर चाखतो, प्रश्न विचारतो आणि मग दोन बाटल्या घेऊन जातो. वितरक आणि दुकानदार यांचा वाटाही वाचतो. त्यामुळे छोट्या वायनरींची नवी वाइन आता अनेकदा आधी स्वतःच्या टेस्टिंग रूममध्येच अजमावली जाते. याची दुसरी बाजू २०२० च्या टाळेबंदीत दिसली: पाहुणे थांबले आणि विक्री थांबली. विक्रीवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची राज्याची योजनाही मध्यंतरी काही वर्षे रखडली, आणि थोड्या भांडवलावर चालणाऱ्या घराला अशी थकलेली रक्कम एका हंगामाइतकी जड जाते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा फळीचा जुना प्रश्न सुटेल अशी आशा निर्माण झाली होती. विरोधी पक्षाने आणि अण्णा हजारे यांनी तीव्र विरोध केला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि निर्णय अंमलात आला नाही. यॉर्कसाठी तो प्रश्न तोवर वेगळ्याच मार्गाने मिटला होता: २०२१ मध्ये, तीन भावंडांच्या नावांची ती वायनरी शेजारच्या सुलाने विकत घेतली.