दीर्घ आजारी मुलांची शिबिरे आणि वैद्यकीय विद्यार्थी

मधुमेह, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार), दमा, कर्करोग अशा आजारांच्या मुलांसाठी भरणाऱ्या निवासी शिबिरांत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून राहून शिकण्याची पद्धत. मधुमेही मुलांचे पहिले शिबिर डॉ. लिओनार्ड वेंट यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात भरवले. इन्सुलिन वापरात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. अभिनेते पॉल न्यूमन यांनी कनेटिकटमध्ये सुरू केलेले शिबिर १९८८ चे. ते गंभीर आजारांच्या मुलांसाठी आहे.

बाह्यरुग्ण विभागात मूल काही मिनिटेच दिसते, आणि बरेचदा त्याच्या वतीने पालकच बोलतात. शिबिरात विद्यार्थी त्याच्याबरोबर जेवतो, खेळतो, मधुमेही असेल तर रात्री रक्तातील साखर तपासायला त्याला उठवतो. विद्यार्थ्याचे काम सोबत्याचे असते, डॉक्टरचे नव्हे. औषधाच्या वेळी मुलाला शिबिराच्या दवाखान्यात न्यायचे आणि काही वेगळे दिसले की परिचारिकेला सांगायचे. डोस ठरवणे त्याच्या कक्षेत येत नाही. ही मर्यादा ओलांडण्याचा मोह शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना होऊ शकतो. त्यांना अर्धे येत असते.

मधुमेह शिबिरात धावपळ वाढते, म्हणून इन्सुलिनचा डोस बहुधा पहिल्याच दिवशी १० ते २० टक्के कमी करतात. तरीही साखर उतरते. खेळातून बाजूला होऊन चिडचिड करणारे मूल रुसले आहे असे नवख्याला वाटते. आधी साखर तपासावी. ७० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली असल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज (लहान मुलांना कमी) देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. इथे चॉकलेट देणे ही नेहमीची चूक: त्यातील चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. दुसरी चूक हात न धुता बोट टोचण्याची. फळाचा रस लागलेल्या बोटावर आकडा खोटाच वर जातो आणि उतरलेली साखर लपते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीच द्यायचे नाही. ग्लुकॅगॉन (रक्तातील साखर वाढवणारे औषध) द्यावे लागते.

इतर आजारांत सावधगिरी निराळी. सिकलसेलच्या मुलांना थंड पाण्यात पोहण्याने वेदनांचा झटका येऊ शकतो. पाणी कोमट हवे, बाहेर येताच अंग कोरडे करावे. हिमोफिलियाच्या मुलाला डोक्याला मार लागला तर फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या घटकाचे शिरेतून द्यायचे इंजेक्शन) आधी, तपासण्या नंतर. फॅक्टरची कुपी जोरात हलवायची नसते, अलगद फिरवायची असते, हे अनेक विद्यार्थी तिथल्या मुलांकडूनच शिकतात. स्वतःची शीर शोधून टोचणारा मोठा मुलगा पाहिला की लहान मुलेही धीर करतात. असे शिक्षण वॉर्डात क्वचित घडते. कर्करोगाच्या उपचारांतील मुलाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहणे धोक्याचे; डॉक्टरांना तत्काळ कळवावे लागते.

सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट चिकट स्राव साठण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांची एकत्र शिबिरे मात्र बंद करावी लागली. बर्खोल्डेरिया सेपेशिया हे त्यांच्या फुप्फुसांना घातक ठरणारे जिवाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात असल्याचे दिसून आले होते.

निवडीत स्वयंसेवकाचे गोवर आणि कांजिण्यांचे लसीकरण पाहतात, चारित्र्य पडताळणी करतात. एकट्या मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत राहू नये, हा नियम जवळपास सर्वत्र असतो. रोज रात्री मुले झोपल्यावर विद्यार्थ्यांची चर्चा ठेवावी. ती नसेल तर दिवसभर पाहिलेले नुसतेच थकव्यात जाते. मुलाने आपणहून सांगितल्याशिवाय आजाराचा इतिहास विचारायचा नसतो. प्रश्नांची सरबत्ती झाली की मूल पुन्हा रुग्ण होऊन बसते. निरोपाच्या वेळी ‘मी भेटायला येईन’ असे शब्द देऊ नयेत. बहुतेकांना ते पाळता येत नाहीत, आणि मुले वाट पाहतात.