‘मेलो, थांबा, आलोच’ : खेळातल्या पात्रावर जीव जडतो त्याची पार्श्वभूमी

ऑनलाइन रोल-प्लेइंग, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे, खेळ खेळणाऱ्यांचं बोलणं जरा कान देऊन ऐका. पडद्यावरचं पात्र राक्षसाच्या तडाख्याने कोसळतं आणि खुर्चीत बसलेला माणूस म्हणतो, “मेलो, थांबा, आलोच.” तलवार पात्राला मिळते, पण सांगताना “मला मिळाली” असंच सांगितलं जातं. आणि तोच खेळाडू थोड्या वेळाने त्याच पात्राबद्दल म्हणतो, “ती हट्टी आहे, अशा ठिकाणी ती मागे हटणार नाही.” एकाच जिवाला ‘मी’ही म्हणायचं आणि ‘ती’ही. बाहेरच्याला यात पोरकटपणा दिसतो. मला दिसत नाही. या ओढीला पन्नास वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि तो पाहिला की ती इतकी खोल का जाते हे समजतं.

खेळाडू आपसात ‘कॅरेक्टर’ म्हणतात, पण मला ‘पात्र’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. नाटकातलं ते पात्र आणि ज्यात काही साठवायचं तेही पात्रच. खेळाडू त्यात महिनोन्‌महिने आपला वेळ ओतत असतो. जीव जडतो तो मुख्यतः या साठलेल्या वेळेवर, आणि त्या पात्राला नावाने हाक मारणारे इतर लोक असतात म्हणून. चित्र किती देखणं आहे याचा वाटा त्या मानाने थोडा. पुढची सगळी हकिकत याचीच साक्ष देते.

संगणकाच्या आधी टेबलावरचे युद्धखेळ होते. त्यात एक खेळाडू अख्खं सैन्य हलवायचा. मेलेल्या शिपायाचं नाव कुणी विचारत नसे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउन्स्टाइन’ नावाचा डाव मांडला आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. त्या मंडळींतले डेव्ह अर्नेसन यांनी ही कल्पना आपल्या ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक जगात नेली. डाव संपला तरी माणूस संपत नव्हता. पुढच्या बैठकीला तोच माणूस, मागच्या बैठकीच्या अनुभवासकट, पुन्हा टेबलावर यायचा.

इथे एक अडचण उभी राहिली, आणि या विषयातली ती मला सगळ्यात महत्त्वाची घटना वाटते. युद्धखेळाच्या नियमात एका फटक्यात शिपाई मरायचा. राक्षस एका फटक्यात मेला तर कुणाची हरकत नव्हती, पण आपला माणूस तसा गेला की खेळाडू अस्वस्थ होत. अर्नेसन यांनी मग आरमारी युद्धखेळाच्या नियमांचा आधार घेतला. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, ते मार सोसतं. तसा सोसण्याचा साठा त्यांनी माणसाला दिला. आज जगभरच्या खेळांत पात्राच्या डोक्यावर जी आयुष्याची पट्टी दिसते, त्या ‘हिट पॉइंट्स’ची वाट इथून सुरू झाली. म्हणजे जिव्हाळा हा नियमांतून निपजलेला जोडपरिणाम नव्हे. आधी खेळाडूंचा जीव जडला आणि त्याला सांभाळण्यासाठी नियम बदलावा लागला.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर बसून खेळायचा खेळ छापून आला. फासे टाकून ठरलेली ताकद, बुद्धी, चपळाई, मिळवलेला अनुभव, चढलेली लेव्हल (पातळी), सगळं एका कागदावर पेन्सिलीने. तो कागद हरवला तर माणूस हरवला. गायगॅक्स यांच्या मुलाच्या अशाच कागदावर लिंग म्हणून ‘एम’ (मेल, म्हणजे पुरुष) आणि वंश म्हणून ‘एल्फ’ (परीकथांतली एक जमात) लिहिलेलं होतं. ते जोडून पात्राचं नाव पडलं मेल्फ. थोरल्या मुलाच्या, अर्नेस्टच्या पात्राचं नाव टेन्सर, ‘अर्नेस्ट’ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं. ही दोन्ही नावं पुढे नियमपुस्तकातल्या मंत्रांना दिली गेली. घरातल्या मुलांनी खेळात वाढवलेली पात्रं अशी कायमची पुस्तकात जाऊन बसली.

संगणकावर हा खेळ लगेचच आला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणक-यंत्रणेवर १९७५ पासून विद्यार्थी भुयारांत उतरायचे खेळ लिहीत होते. पण आपल्या विषयाला खरं वळण मिळालं ते इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात. तिथे १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ हा खेळ सुरू केला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. मडमध्ये चित्र नावालाही नव्हतं. “तुम्ही अरुंद वाटेवर उभे आहात” अशी वाक्यं दिसत आणि पलीकडून कुणीतरी दुसरा माणूस बोले. ते जग ठरावीक काळाने पुसून पुन्हा मांडलं जाई, खजिने परत आपापल्या जागी जात. पात्राचे गुण मात्र राहत. पुरेसे गुण झाले की पात्र ‘विझर्ड’ होई आणि त्याला इतरांवर अधिकार मिळे. उलट, दुसऱ्याशी लढताना मरण आलं तर पात्र कायमचं पुसलं जाई. आठवडेच्या आठवडे खपून वाढवलेलं नाव एका चुकीने नाहीसं व्हायचं. नुसत्या अक्षरांसाठी माणसं हळहळली, त्या अर्थी रंगरूपाची अट या ओढीला पहिल्यापासून नव्हती.

‘अवतार’ हा शब्दही पुढच्या दशकात खेळात रुळला. रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ च्या ‘अल्टिमा ४’ या संगणक-खेळामध्ये खेळाडूला आठ सद्‌गुण अंगी बाणवून ‘अवतार’पदाला पोहोचायचं ध्येय दिलं. सुरुवातीलाच नैतिक पेचाचे प्रश्न विचारले जात आणि ते पात्राच्या नावाने न विचारता थेट खेळाडूला विचारले जात. पुढच्या वर्षी लुकासफिल्मच्या खेळ विभागाचं ‘हॅबिटॅट’ आलं. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी बांधलेलं, फोनच्या तारेवरून अनेकांना एकत्र आणणारं चित्रमय गाव. तिथे पडद्यावरच्या आकृतीलाच ‘अवतार’ म्हणू लागले. आपल्याकडे हा शब्द वरून खाली येण्याचा आहे: देव देह धरतो, तरी देव उरतोच. खेळाडू आणि पात्राचं नातं सांगायला त्यांना याहून चांगला शब्द सापडला नसता.

हॅबिटॅटमध्ये थोड्याच दिवसांत चोऱ्या आणि खून सुरू झाले. अवतार मेला तर घरी परत जागा होई, पण हातातली चीजवस्तू जाई. लोक चिडले. मग कर्त्यांनी रहिवाशांचं मत घेतलं की इथला खून हा गुन्हा समजायचा की खेळाचा भाग? कौल निम्मा-निम्मा पडला. मुळातला प्रश्न असा होता की अवतार हा माणसाचाच विस्तार आहे, की पुन्हा पुन्हा मरण्यासाठीच असलेली सोंगटी? हा वाद मिटला नाही. त्याच गावातल्या एका रहिवाशाने, जो प्रत्यक्षात ऑर्थोडॉक्स चर्चचा पाद्री होता, एक पंथ काढला. त्याचे अनुयायी शस्त्र बाळगत नसत आणि चोरी करत नसत.

या प्रश्नाची धार किती तीक्ष्ण आहे ते १९९३ मध्ये कळलं. ‘लॅम्बडामू’ या मजकुरावर चालणाऱ्या जगात एकाने प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला आणि सगळ्यांसमोर त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराची वर्णनं चालवली. ज्यांची ती पात्रं होती त्यांच्या अंगाला कुणी हात लावलेला नव्हता. तरी त्यांना झालेला त्रास खराखुरा होता, आणि त्यातून त्या जगात मतदानाची, तंटे सोडवण्याची व्यवस्था उभी करावी लागली. “बंद करायचा ना संगणक” असं म्हणणं सोपं आहे. पण आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडी विटाळलं जात असेल तेव्हा पाठ फिरवून ते थांबत नाही.

१९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आलं आणि १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’. हजारो लोक एका जगात आले. एव्हरक्वेस्टमधलं मरण जुन्या खेळाडूंना अजून आठवतं. मेल्यावर अनुभव वजा होई, कधी लेव्हलही उतरे, आणि सगळं सामान प्रेतापाशीच पडून राही. मग उघड्या अंगाने, निःशस्त्र, त्याच राक्षसांतून वाट काढत स्वतःच्या प्रेतापर्यंत जायचं. याला ‘कॉर्प्स रन’ म्हणत. एकट्याने ते क्वचितच जमे. कुणी प्रेत ओढून आणे, कुणी पुजारी वर्गातला खेळाडू मंत्र टाकून गेलेला अनुभव बराचसा परत मिळवून देई. या जाचामुळेच तिथल्या पात्रांवर जीव जडला असं मला ठाम वाटतं. ज्याला जपावं लागतं तेच आपलं होतं, आणि ज्यांनी रात्री जागून आपलं प्रेत शोधून दिलं ते लोक विसरता येत नाहीत.

साठलेल्या वेळेला बाजारभावही आला. तयार पात्रं आणि वस्तू ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विकल्या जाऊ लागल्या. जानेवारी २००१ मध्ये ईबेने एव्हरक्वेस्टच्या वस्तूंना बंदी केली. कंपन्यांचं म्हणणं स्पष्ट होतं की पात्र आमच्या सर्व्हरवरची नोंद आहे, तुम्हाला ते फक्त वापरायला दिलंय. मात्र २००३ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने वेगळा सूर लावला. ‘रेड मून’ या खेळात वस्तू चोरीला गेलेल्या खेळाडूला त्या परत द्याव्यात, असा आदेश कंपनीला झाला. मालकीचा हा पेच आजही सुटलेला नाही. अनेकदा कायद्याने पात्र कंपनीचं ठरतं, आणि ते वाढवलेलं असतं दुसऱ्यानेच.

संशोधक तोवर जागे झाले होते. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी दाखवलं की उंच अवतार मिळालेले लोक वाटाघाटीत अधिक ठामपणे वागतात. आपण पात्राला घडवतो तसं तेही आपल्याला वाकवतं. त्याच वर्षी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंवरच्या एका अभ्यासात असं आढळलं की लोकांना आपलं पात्र स्वतःपेक्षा आपल्या आदर्शाच्या जास्त जवळचं वाटतं, आणि ज्यांची मनःस्थिती खालावलेली होती त्यांच्यात हे अंतर अधिक होतं. या निष्कर्षाचा वापर काही जण ‘पळपुटेपणा’ सिद्ध करायला करतात. मला तो उलटा दिसतो. ज्याला स्वतःविषयी फारसं चांगलं वाटत नाही, तोही चांगलं काय असतं हे जाणतो आणि ते रोज थोडं थोडं घडवतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २००४ मध्ये मरण सौम्य केलं. भूत होऊन प्रेतापर्यंत धावायचं, पण अनुभव जात नाही. जगाचा पसारा वाढला, २०१० मध्ये वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. आणि तिथेच हॅबिटॅटचा जुना प्रश्न परत आला. २००६ मध्ये एक खेळाडू प्रत्यक्षात वारली. तिच्या मित्रांनी खेळातल्या बर्फाळ प्रदेशात तिचं पात्र उभं करून श्रद्धांजलीसाठी रांग लावली. विरोधी गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या संघाने, ती सभा कापून काढली. नियम मोडला नव्हता; तो लढाईचाच सर्व्हर होता, तिथे खेळाडूंना एकमेकांवर हल्ला करायची मुभा होती. जगभरचे खेळाडू पुन्हा दोन गटांत विभागले गेले. मी निःसंकोच पात्राला माणसाचाच विस्तार मानणाऱ्या गटात आहे, कारण त्या रांगेतले लोक सोंगटीला नमस्कार करत नव्हते.

आणि मग सर्व्हर बंद पडण्याचं दुःख. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा २००४ चा खेळ पोशाख रचण्याच्या सोयीसाठी प्रसिद्ध होता. तिथे दोन नायक एकसारखे दिसणं अवघड. २०१२ मध्ये तो बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा खेळाडू अ‍ॅटलस पार्क या चौकात मशाली घेऊन जमले. ३० नोव्हेंबरला सर्व्हर मिटले. २०१९ मध्ये चाहत्यांच्या सर्व्हरवर खेळ पुन्हा उघडला, तेव्हा लोकांनी तेच नाव, तेच रंग, तोच पोशाख आठवणीतून पुन्हा उभा केला. २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यातल्या एका सर्व्हरला रीतसर परवानाही दिला. ‘फायनल फँटसी १४’ ने वेगळा मार्ग काढला. फसलेली पहिली आवृत्ती २०१२ मध्ये कथेतल्याच प्रलयाने संपवली, आणि २०१३ च्या नव्या जगात जुनी पात्रं जिवंत आणली. खेळाडूंना काय जपायचं असतं हे त्या कर्त्यांना नीट ठाऊक होतं.

नॉर्वेतल्या एका तरुणाला स्नायू झिजवणारा डुशेन आजार होता. व्हीलचेअरवरून तो वर्षानुवर्षं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळला आणि त्याच्या पात्राचं नाव होतं इबेलिन. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं की मुलगा एकाकी होता. त्यांनी त्याच्या निधनाची बातमी लिहिली आणि अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. कुणाला इबेलिनने धीर दिला होता, कुणाचं घरातलं भांडण मिटायला मदत केली होती. काही जण परदेशातून अंत्यसंस्काराला आले. त्यातल्या बहुतेकांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना माहीत होता तो इबेलिन, आणि इबेलिन जंगलातून धावत असे.