चार्जर गेला की सेल गेला?

बीपीच्या मशीनचे चार पेन्सिल सेल रात्री चार्जरला लावले आणि सकाळी लाल दिवा लुकलुकताना दिसला, की घरात एकच निकाल लागतो: ‘चार्जर गेला.’ आमच्याकडेही लागला. नवा चार्जर आणला, तोही तसाच लुकलुकला. गेला होता एक सेल.

घोटाळा होतो कारण दोघांच्या दुखण्याचं लक्षण एकच. निवाडा करायला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लागत नाही, मार्कर पुरतो. सेलांवर १ ते ४ आकडे घाला आणि जागा बदला. तक्रार सेलबरोबर सरकली तर सेल खराब. त्याच खाचेत राहिली तर चार्जर. मेख एवढीच की स्वस्तातले बरेच चार्जर जोडीजोडीने चार्ज करतात, त्यामुळे एका मेलेल्या सेलपायी शेजारचाही बदनाम होतो. अशा वेळी प्रत्येक संशयिताला आळीपाळीने खात्रीच्या सेलशेजारी बसवायचं.

मल्टिमीटर असेलच, तर नुसत्या सेलला तारा टेकवून हुरळून जाऊ नका. निकेल-मेटल हायड्राइडचा, म्हणजे नेहमीचा रिचार्जेबल सेल चार्जरवरून काढल्यावर साधारण १.४ व्होल्ट दाखवतो, वापरात १.२ च्या आसपास राहतो. म्हातारा सेलसुद्धा पडून असताना ऐटीत १.३ दाखवतो, टॉर्चमध्ये घालून बटण दाबलं की लगेच ०.९ च्या खाली बसतो. म्हणून टॉर्च चालू ठेवूनच मोजायचं.

खेळण्यात विसरून पार उतरलेला सेल ही तिसरीच गत. सेल तपासून मगच चार्ज करणारा हुशार चार्जर त्याला सेल मानायलाच तयार होत नाही. जुन्या साध्या चार्जरवर दहा मिनिटं ठेवला, की पुष्कळदा तो हुशार चार्जरलाही पटतो. हा प्रयोग लिथियम सेलवर मात्र कधीही करू नका.

तक्रार खाचेतच राहिली, तरी चार्जर लगेच भंगारात नको. प्लग काढून आतल्या पट्ट्या बघा. काळवंडल्या असतील तर खोडरबराने घासा. पांढरी पूड दिसली तर कुणीतरी चुकून साधा, रिचार्ज न होणारा अल्कलाइन सेल चार्जिंगला लावला होता आणि तो पाझरला, असं समजा. कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. दबलेली स्प्रिंग थोडी ओढली तरी काम होतं.

आणि कधी दोष चार्जरचा असतो, पण मरतो सेल. टायमरवाला चार्जर सेल भरला की नाही ते बघत नाही, फक्त तास मोजतो. सहा तास भरत आले, लाइट गेली, परत आली, की त्यातले बरेचसे पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात. भरलेला सेल आणखी सहा तास शिजतो. आमच्या भागात लोडशेडिंग होतं तेव्हा सकाळी सेल हातात धरवत नसे, आणि आम्ही खूश, की मस्त चार्ज झालाय.