चक्रीफुलाचा काढा म्हणजे टॅमिफ्लू नव्हे

फ्लूची साथ आली की एक निरोप हमखास फिरतो: 'फ्लूवरचं औषध टॅमिफ्लू चक्रीफुलापासून बनतं, मग महागड्या गोळ्या कशाला? चिनी लोक शतकानुशतके हाच काढा पितात.' हा समज निदान 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीइतका जुना आहे. यातलं अर्धं खरं आहे, आणि घोळ तिथेच होतो.

दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतात पिकणाऱ्या चक्रीफुलात शिकिमिक आम्ल भरपूर असतं. टॅमिफ्लूतलं ओसेल्टामिव्हिर तयार करायला तो कच्चा माल. पण आम्लापासून औषधापर्यंत कारखान्यात सुमारे दहा रासायनिक टप्पे लागतात. नुसतं शिकिमिक आम्ल फ्लूच्या विषाणूला रोखत नाही. ओसेल्टामिव्हिर मात्र विषाणूचं न्यूरामिनिडेज हे विकर (एन्झाइम) अडवतं. चक्रीफूल उकळून टॅमिफ्लू मिळवणं म्हणजे कापूस पाण्यात भिजवून सदरा मिळण्याची वाट पाहणं. शिवाय हे आम्ल आता जिवाणूंकडूनही बनवून घेतात.

चिनी वैद्यकात तरी याचा मुख्य वापर कशासाठी? पोटदुखी, उलटी, आणि त्या वैद्यकाच्या कल्पनेतली शरीरातली 'थंडी' घालवणं.

खरी काळजी वेगळीच आहे. जपानी चक्रीफूल दिसायला अगदी तसंच, पण विषारी. 2003 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाच्या चहाबद्दल इशारा दिला होता. तो प्यायलेल्या काहींना, तान्ह्या बाळांनाही, झटके आले होते. गंमत म्हणजे 'शिकिमिक' हे नाव याच विषारी झाडाच्या जपानी नावावरून, 'शिकिमी'वरून पडलं.

गोड्या मसाल्यात चक्रीफूल खुशाल घाला. बाळाच्या वाटीत मात्र त्याचा काढा नको, आणि ताप असताना दम लागला तर थेट डॉक्टर गाठा.